मामाला काढलं त्या दिवशी

गॅलरीतल्या दोरीवर, दोन बनियन आणि एक उशीचा अभ्रा यांच्यामध्ये, एक निळी टोपी वाळत होती. टोपी नवी होती. नवं काहीही धुतल्याशिवाय अंगाला लावायचं नाही हा बायकोचा नियम, त्यामुळे ती पुडक्यातून थेट बादलीत आणि बादलीतून दोरीवर आली होती, दोन्ही बाजूंना चिमटे लावून. कवळीकरांच्या हातात ब्रश होता आणि तोंडात फेस होता. त्यांनी आधी टोपी पाहिली, मग टोपीवरचा पांढरा पक्षी पाहिला, आणि फेस गिळला. तो पक्षी कुणाचा हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. दर शर्यतीला ते त्या पक्ष्याच्या नावानं बोटं मोडत आले होते. मोटारींच्या शर्यतीत निळी टीम म्हणतात तिचा तो पक्षी. कवळीकरांची टीम पिवळी. आणि या घरात दोरीवर आजपर्यंत चादरी चढल्या, पडदे चढले, एकदा पाहुण्यांचा कुत्रा धुऊन त्याचा पट्टाही चढला, पण दुसऱ्या टीमची टोपी कधी चढली नव्हती. ते आत आले. बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिची पाठ नेहमीसारखीच होती. "चहा गार होतोय," ती म्हणाली. "हं," कवळीकर म्हणाले. एवढ्यावर ते संभाषण आटोपलं, पण पोटात गेलेला फेस दिवसभर वर येत राहिला.

कवळीकर हे त्यांचं आडनाव नव्हे. दातांच्या लॅबमध्ये ते कवळ्या करत, म्हणून कुणीतरी कधीतरी ते नाव त्यांना चिकटवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की खरं आडनाव रात्री काढून पेल्यात ठेवल्यासारखं झालं. त्यांचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. माणसाला एक काम धड येत असावं आणि एक टीम असावी, बाकी दुनियेशी आपलं वाकडं नाही, असा त्यांचा एकूण हिशेब. काम येत होतं. टीमचं म्हणाल तर, ती होती. तिच्याबद्दल याहून अधिक बोलणं गेल्या काही वर्षांत अवघडच झालं होतं. यंदा तर तिनं भोपळाही फोडला नव्हता. शर्यतीत पहिल्या दहांना गुण मिळतात, दहाव्याला एक. तो एक गुणसुद्धा पिवळ्यांना वर्ष अर्धं सरलं तरी मिळाला नव्हता. एकदा अकरावा नंबर आला होता, तेव्हा कवळीकरांनी बायकोला खांद्याला धरून हलवलं होतं, आणि मग पुढची गाडी बाद होईल या आशेनं जेवण तासभर लांबवलं होतं. ती बाद झाली नाही. जेवण मात्र दोनदा गरम करावं लागलं.

लग्नाच्याही आधी, इस्त्री घ्यायला म्हणून ते एका विजेच्या सामानाच्या दुकानात गेले होते, तिथे ओळीनं मांडलेल्या टीव्हींवर शर्यत चालू होती. म्हणजे संपली होती. जिंकलेले लोक एकमेकांवर बाटल्या उडवत होते, आणि पडद्याच्या कोपऱ्यात, चुकून दिसावा तसा, एक मेकॅनिक शेवटी आलेल्या गाडीचं नाक आपल्या खिशातल्या रुमालानं पुसत होता. सावकाश, गोल गोल, कडेपर्यंत. कॅमेरा लगेच हलला, पण कवळीकर जागच्या जागी उभे राहिले. त्या वेळी ते लॅबमध्ये नवे होते आणि कवळीची आतली बाजू, जी कुणालाच कधी दिसत नाही, ती घासायला त्यांना दिली जायची. हरलेली गाडी इतकी मन लावून कोण पुसतं, असं त्यांना वाटलं, आणि दुकानदार म्हणाला, "साहेब, इस्त्री बघायची का?" त्यांनी इस्त्री घेतली आणि टीमही घेतली. इस्त्री केव्हाच जळाली.

पण टीम तरी तीच होती का? कामावर जाताना, फुटपाथवरच्या उखडलेल्या फरश्या चुकवत, ते याचा विचार करू लागले. त्या वेळी टीम हिरवी होती. दोन भावांची. भावांचं भांडण झालं, टीम एका गादी कंपनीनं घेतली, रंग पांढरा झाला, आणि गाड्यांच्या दोन्ही अंगांवर 'झोप शांत' अशी अक्षरं आली. ती अक्षरं इतर टीमच्या गाड्यांवर असती तर कुणी वाचू शकलं नसतं. यांच्यावरची सगळं जग सावकाश वाचत असे. मग गादीवाल्यांनी हात झटकले आणि एका रंगाच्या व्यापाऱ्यानं ती घेतली, म्हणून पिवळी. नाव तीनदा बदललं. कारखाना दुसऱ्या गावी गेला. इंजिन कधी याच्याकडून उसनं, कधी त्याच्याकडून. रुमालवाला मेकॅनिक तर कधीच निवृत्त होऊन घरी बसला असेल. मग इतकी वर्षं आपण धरून काय बसलो आहोत? रंग नाही, नाव नाही, माणसं नाहीत, इंजिन नाही. एका दुकानाच्या काचेत त्यांना आपलं प्रतिबिंब दिसलं. डोक्यावरचे केस गेलेले. गुडघा गेलेला. समोरचा एक दात स्वतःच्याच हातचा. कंबर ज्या आकारात लग्नाच्या फोटोत होती तो आकार आता फक्त फोटोत होता. आणि तरी बायकोनं हे सगळं आहे तसं चालवून घेतलं होतं, टीम समजून. हा विचार इथवर आला आणि त्यांचा पाय नेमका हलत्या फरशीवर पडला. कारण आता ती टोपी दोरीवर होती.

मामाचं प्रकरण असं होतं. मामा हा पिवळ्यांचा ड्रायव्हर. त्याचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. हरल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहायची त्याची तऱ्हा हुबेहूब बायकोच्या मामासारखी, म्हणून मामा. लग्नानंतर पहिली काही वर्षं बायको शर्यतीच्या वेळी धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसायची आणि घड्या घालत, मान वर न करता, "संपलं का?" एवढंच विचारायची. एकदा घडी घालता घालता तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "हा कोण हो? दर वेळी बिचारा मागेच?" कवळीकरांना त्या 'बिचारा'चा राग आला होता. पण त्यानंतर घड्या शर्यतीआधीच आटोपू लागल्या. मामा गाडीतून उतरल्यावर त्याला विचारत, आज काय झालं? तो सांगायचा, "गाडी माझ्यापेक्षा शहाणी निघाली. आज काही होणार नाही हे तिला आधीच कळलं, ती थांबली." कधी कुणावर खापर फोडलं नाही. टायर बदलायला गाडी आत आली आणि पिवळ्यांनी तिला दुसऱ्याच गाडीची चाकं लावली, त्या दिवशीसुद्धा तो म्हणाला, चाकं गोल होती, हे काय कमी आहे. बायको तेव्हा इतकी हसली की तिला ठसका लागला. आणि गेल्याच हिवाळ्यात पिवळ्यांनी मामाला काढलं. त्याच्या जागी मालकाचा चिरंजीव आला. चिरंजीव हा कवळीकरांच्या घरात त्याला मिळालेला किताब. त्याची गाडी हाकण्याची पद्धत पाहता तो किताब निव्वळ शुभेच्छा म्हणून होता. मामाला निळ्यांनी उचललं. कवळीकरांना वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण टीम ती टीम.

लॅबमध्ये त्यांच्यासमोर एका बाईंची वरची कवळी होती. साच्यावर गुलाबी मेणाची कमान, आणि त्या मेणात एकेक दात बसवायचा, तापवलेल्या पात्यानं मेण सैल करून. हे काम हात आपोआप करतात. हातांना काम दिलं की डोकं मोकळं, आणि मोकळं डोकं वाईट. ती निळी टोपी तिनं मागवली कधी? मागवताना तिच्या मनात काय होतं? वर्षाच्या सुरुवातीपासून ती शेजारी बसून शर्यती बघत होती, चिरंजीवानं गाडी भिंतीला लावली की 'अरेरे' म्हणत होती. ते 'अरेरे' कुणासाठी होतं? माणूस घर सोडून जातो तेव्हा निदान बॅग भरतो, दार वाजतं, शेजाऱ्यांना कळतं. पण त्याच सोफ्यावर, त्याच उशीला टेकून, चहाचा कप हातात घेऊन कुणी निघून गेलं तर ते कळणार कसं? बायको या वयात कुठे जाणार नव्हती, हे त्यांना माहीत होतं. आणि तरी त्यांना भीती वाटत होती. आपण दर वर्षी मागे पडत चाललेली गाडी आहोत आणि तिनं हे हिशेबात घेतलेलं आहे, अशी. दात बसत होते. "कवळीकर," मालकीणबाई मागून म्हणाल्या. लॅब त्यांची होती आणि त्या चपला न वाजवता चालत. "हे काय आहे?" कवळीकरांनी खाली पाहिलं. पुढचे सहा दात त्यांनी एक पुढे, एक जरासा मागे, पुन्हा एक पुढे, एक मागे असे बसवले होते. शर्यत सुटण्याआधी गाड्या जशा उभ्या करतात, तंतोतंत तसे. अंतरंही बरोबर होती. "बाईंना हसायचंय की पळायचंय?" मालकीणबाईंनी विचारलं. कवळीकरांनी पातं पुन्हा तापवायला घेतलं.

दुपारी मेव्हण्याचा फोन आला. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचीही टीम होती: गेल्या वर्षी जी जिंकली ती. दर वर्षी तो नवी टोपी घ्यायचा आणि जुनी कवळीकरांना देऊ करायचा. वारा येईल तशी पाठ, असा माणूस, आणि पाठीचा त्रास म्हणून कधी नाही. "भावोजी," तो म्हणाला, "ताईनं घराणं सोडलं म्हणे?" "तुला काय माहीत?" "मला काय माहीत म्हणजे? टोपी मीच मागवून दिली. तिला त्या फोनवरून येत नव्हतं. म्हटलं मागवायचीच तर जिंकणाऱ्यांची मागव, पण ती ऐकतेय कुठली. दोघं नवराबायको सारखेच आहात, देवानं जोडी काय बनवलीय." कवळीकरांनी विचारलं, "कधी मागवली?" "झाले की दहा-पंधरा दिवस. का हो?" "काही नाही," कवळीकर म्हणाले. म्हणजे दहा-पंधरा दिवस ती पोटात ठेवून होती, आणि ताकास तूर लागू दिली नव्हती. त्यांना फार एकटं वाटलं. एका टोपीपायी माणसाला इतकं एकटं वाटावं हे त्यांना स्वतःलाच हास्यास्पद वाटत होतं, आणि हसू मात्र येत नव्हतं.

ते आठवू लागले की हिच्यात बदल केव्हापासून झाला. हिवाळ्यापासून ती जरा गप्प होती खरी. बायको दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. मोठा दवाखाना, बाहेरून कुणीही फोन केला की पहिला आवाज तिचा. 'नमस्कार, बोला' एवढे दोनच शब्द, पण रडत फोन करणारा माणूससुद्धा त्या दोन शब्दांनंतर धड वाक्य बोलू लागे. दुकानात ती कोथिंबिरीचा भाव विचारायची आणि अनोळखी माणसं वळून बघायची, कारण कुठल्यातरी वाईट रात्री तो आवाज त्यांनी ऐकलेला असायचा. मग दवाखान्यानं यंत्र बसवलं. आता फोन केला की ध्वनिमुद्रित आवाज सांगतो, अमुक हवं असेल तर एक दाबा, तमुक हवं असेल तर दोन. तिनं एके दिवशी जेवताना सांगितलं, "मी आता जाणार नाहीये दवाखान्यात. मशीन आलं." त्यावर कवळीकर म्हणाले होते, "बरं झालं, आता आराम कर." हे त्यांना अजूनही योग्य उत्तर वाटत होतं. त्यानंतर ती कमी बोलू लागली तेव्हा त्यांना दाढेचा संशय आला. जबड्यात दुखत असलं की माणसं गप्प होतात, हा त्यांचा धंद्यातला अनुभव. त्यांनी तिला खिडकीपाशी बसवून, टॉर्च लावून, "आ कर बघू" म्हटलं होतं. तिनं आ केला. दाढा ठणठणीत होत्या. टॉर्चच्या उजेडात तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा त्यांनी टॉर्च जरा खाली घेतला होता.

शर्यतीचा दिवस आला. मधले दिवस दोघांनी टोपीचा विषय काढला नाही. ती वाळली, दोरीवरून उतरली, कपाटात गेली, आणि शर्यत सुरू व्हायच्या वेळी बायकोच्या डोक्यावर आली. कवळीकर सोफ्याच्या डाव्या टोकाला बसले, ती उजव्या. मध्ये सफरचंदाच्या फोडींची बशी. कवळीकरांच्या डोक्यावर त्यांची टोपी होती, एके काळी पिवळी, आता कुठल्याच टीमची म्हणता येणार नाही अशी. कुणी दारातून पाहिलं असतं तर दोन परक्या टीमची मंडळी एका बाकावर गाडीची वाट बघतायत असं वाटलं असतं. शर्यत सुटली. पहिल्या वळणावर चिरंजीव बाहेर गेला, गवतातून फिरून परत आला. "अरेरे," बायको म्हणाली. कवळीकरांनी तिच्याकडे तिरप्या डोळ्यानं पाहिलं. मामा बारावा होता, मग अकरावा, मग कुणाचंतरी इंजिन धुरात गेलं आणि मामा दहावा झाला. बायकोनं सफरचंदाची फोड तोंडापाशी नेऊन तिथेच धरून ठेवली होती. चिरंजीव शेवटून दुसरा, शेवटून तिसरा असं करत कसाबसा वर सरकत होता. नेहमीसारखी शर्यत. कवळीकरांना त्यात रस वाटत नव्हता, आणि हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मग मधल्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. रस्त्यावर तुकडे पसरले, आणि सेफ्टी कार बाहेर आली. अपघाताचा कचरा उचलेपर्यंत ही एक साधी गाडी सगळ्यांच्या पुढे सावकाश चालते, आणि बाकीच्यांनी तिच्यामागे मुकाट्यानं रांग धरायची. कुणी कुणाला ओलांडायचं नाही. इंजिनांचा आवाज खाली आला. खोली अचानक शांत झाली. फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली. एवढ्या मोठ्या गाड्या, आणि माना खाली घालून एकामागे एक. कवळीकरांनी आपली टोपी सारखी केली.

"अगं."

"हं."

"टोपी छान आहे."

"छान नाहीये. घट्ट होते डोक्याला."

पडद्यावर माणसं झाडू घेऊन तुकडे गोळा करत होती. कवळीकरांनी घसा साफ केला. "तुला कंटाळा आला का?"

"कशाचा?"

"हरण्याचा," ते म्हणाले, आणि 'माझा' हा शब्द त्यांनी आतच ठेवला.

बायको हसली. मोकळी हसली, आणि ते हसू ऐकून त्यांना क्षणभर बरं वाटलं. "अहो, हरण्याला कंटाळले असते तर निळ्यांकडे गेले असते का? ते कुठे जिंकतायत? तुमच्याहून एक पायरी वर. मी आपली मामा जिथे, तिथे."

हे खरं होतं. हे इतकं खरं होतं, आणि त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ती जिंकणाऱ्याकडे गेलीच नव्हती. त्यांना जोर आला. "पण ड्रायव्हर काय गं, आज इथे, उद्या तिथे. टीम..."

"टीम, टीम," ती म्हणाली. "त्या दिवशीही हेच म्हणालात."

"कुठल्या दिवशी?"

"मामाला काढलं त्या दिवशी."

ती पडद्याकडेच बघत बोलत होती. तो आवाज कवळीकरांनी ओळखला. दवाखान्यात रडणाऱ्या माणसांशी बोलायचा तो होता, सपाट आणि न घाईचा. "मी कामावरून आले. तुम्ही टीव्हीसमोर होतात. म्हणालात, बघ, मामाला काढलं. मी म्हटलं, इतकी वर्षं काम केलं हो, असं एका दुपारीत काढून टाकतात का माणसाला? तुम्ही काय म्हणालात आठवतं? माणसं येतात-जातात, टीम राहते."

"हो, मग? मामाबद्दल मी..."

"मी मामाबद्दल बोलत नव्हते."

कवळीकरांना आधी कळलं नाही. मग कळलं, आणि कळणं थांबेना. "पण तू तर मला नंतर, जेवताना..."

"चार दिवसांनी सांगितलं. त्या दिवशी सांगायला आले होते. पर्स खांद्यालाच होती माझ्या." तिनं बशी सरळ केली. "मला वाटलं, ठीक आहे. या घरातही तसंच असेल. आपण येतो-जातो, घर राहतं. आणि मग तुम्ही टॉर्च घेऊन माझ्या दाढा बघितल्यात."

हे शेवटचं वाक्य ती हसत म्हणाली, आणि त्यानंच कवळीकर मोडले. इतके दिवस ते घाबरत होते की आपण मागे पडलेली गाडी आहोत आणि ही आपल्याला सोडून चालली. आणि ही हिवाळ्यापासून अशा घरात वावरत होती जिथे नवरा कुठल्याही संध्याकाळी मान न वळवता म्हणेल, माणसं काय, येतात-जातात. त्यांनी ते म्हटलं होतं. त्यांना तो सोफा आठवला, तो बातमीचा पट्टा आठवला, आपण ते वाक्य जरा शहाणपणाच्या सुरात, पाय लांब करून म्हटलं हेसुद्धा आठवलं. फक्त दारात उभी असलेली बायको आठवेना, कारण त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. दात कुणाचा कुठे किंचित दुखतो हे कळणारा माणूस. त्यांना स्वतःची लाज वाटली. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात सेफ्टी कार आत गेली आणि रांग सुटली, आणि खोलीत पुन्हा आवाजच आवाज झाला.

आता थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या. आणि पडद्यावर जे चाललं होतं ते कवळीकरांच्या डोळ्यांना दिसत असूनही डोक्यात उशिरा शिरत होतं. मधल्या शांततेत बऱ्याच जणांनी टायर बदलून घेतले होते. मामाच्या टीमनं त्याला बाहेरच ठेवलं होतं. त्याचे टायर झिजलेले. आणि पिवळ्यांनी, इतिहासात प्रथमच, आपली गाडी वेळेवर आत बोलावून तिला चारही चाकं तिचीच लावली होती. चिरंजीवाच्या पुढच्या दोन-तीन गाड्या घसरून मागे पडल्या. दहावा मामा. अकरावा चिरंजीव. मध्ये दोन गाड्यांची जागा, मग एक, मग अर्धी. निवेदक ओरडत होता की यंदाचा पहिला गुण पिवळ्यांच्या हाताशी आला आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. या क्षणासाठी कवळीकर वर्षभर उपाशी असल्यासारखे होते. ते उठून उभे राहिले. गुडघा कटकन वाजला.

"अडव!" ते ओरडले. "आतली बाजू सोडू नकोस! मामा, अडव त्याला!"

बायकोनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, मागची गाडी तुमची आहे."

"दिसतंय मला! मामा, दाब, दाब त्याला कडेला! हा कालचा पोरगा, बापाच्या जिवावर... अरे, इतकी वर्षं काम केलंय त्यानं!"

ते काय ओरडले हे त्यांना ओरडून झाल्यावर ऐकू आलं. बायको त्यांच्याकडेच बघत होती. शेवटची फेरी चालू होती आणि ती पडद्याकडे बघत नव्हती. मामानं एक वळण अडवलं, दुसरं अडवलं, तिसऱ्याला त्याची गाडी झिजल्या टायरांवर हातभर सरकली, आणि तेवढ्या फटीतून चिरंजीव पुढे निघून गेला. पिवळ्यांना गुण मिळाला. निवेदकाचा आवाज बसला. टीमची माणसं भिंतीवर चढून एकमेकांना मिठ्या मारत होती, कुणी रडत होतं, एक जाडजूड मेकॅनिक उड्या मारता मारता पायरीवरून पडला आणि पडल्यापडल्या नाचत राहिला. इतकी वर्षं ते या टीमबरोबर होते. गाद्या विकल्या तेव्हा होते, दुसऱ्यांची चाकं लावली तेव्हा होते. आणि गुण मिळाला त्या घटकेला नेमके समोरच्या बाजूला उभे होते, हात वर करून.

"गद्दार," बायको म्हणाली. तिचा चेहरा मात्र कितीतरी दिवसांनी उजळला होता.

टीपॉयवर फोन वाजू लागला. मेव्हणा असणार. "उचला," ती म्हणाली, "अभिनंदन करत असेल."

"वाजू दे." कवळीकर खाली बसले. त्यांनी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

"अहो! नाचतायत तुमचे तिकडे. वर्षातनं एकदा. बघा तरी."

"नाचू दे."

फोन वाजून वाजून थांबला. त्या सोफ्यावर ते दोघं नेहमी समोर बघतच बसत आले होते. समोर काहीतरी चालू असायचं. आता समोर काळा पडदा होता. कवळीकर गुडघा सांभाळत, सबंध अंगासकट तिच्याकडे वळले. हे वळणं त्यांना अवघड गेलं. "माझं चुकलं," ते म्हणाले. "तू आलीस, पर्स खांद्याला होती. मग?"

"मग काही नाही. जे आहे ते आधीचं आहे."

"आधीचं सांग."

"आता? लांबड आहे ती."

"असू दे लांबड."

ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, हा माणूस खरंच ऐकणार आहे का हे ताडून बघावं तशी. मग तिनं पाय वर घेतले. "सकाळपासूनच सगळी माझ्याशी जरा जास्त गोड बोलत होती," ती म्हणाली. "मला आपलं वाटलं, चला, आज सगळ्यांची झोप चांगली झालेली दिसते." आणि एवढं बोलून तिचा आवाज फुटला, आणि कवळीकर ऐकत राहिले.